वाटेतली रांगोळी

सांगलीचं घर बंद करताना कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि मग परत उघडलं. शैलाचा रांगोळीचा डबा राहिला होता. दाराशेजारच्या कोनाड्यात तो जिथल्या तिथे होता, पत्र्याचा, झाकणावर गंज चढलेला. शैला, म्हणजे माझी बायको, गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. उघडून पाहिलं तर अर्ध्याहून जास्त भरलेला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवून जीव खात होता. डबा टॉवेलात गुंडाळला, भडंगाच्या पुड्यांमधे कोंबला आणि निघालो.

डबा मागवला होता मुक्ताने, आमच्या मुलीने. ती सिडनीत लँडस्केप आर्किटेक्ट आहे, म्हणजे चौक, बागा, रस्त्याकडेच्या जागा यांचे आराखडे करते. मीही जन्मभर तेच केलं म्हणा, पण आमच्याकडे त्याला नगरपालिकेचा इंजिनिअर म्हणतात आणि त्याच्या वाट्याला गटारं येतात.

मुक्ता शिकायला गेली त्या सकाळी शैलाने दारात सात ते चार ठिपक्यांची रांगोळी काढली होती. निघता निघता मुक्ताने फोनवर तिचा फोटो काढला. पुढे शैला गेली, तेव्हा तिकीट मिळून मुक्ता घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल ती माझ्याशी कधी एक शब्द बोलली नाही. गेल्या वर्षी एकदम एक आराखडा पाठवला. केलीव्हिल भागात एका स्टेशनबाहेर नवा चौक होणार होता. आसपास भारतीय वस्ती वाढलेली, तेव्हा त्यांच्या परंपरेतलं काहीतरी चौकात असावं असं तिथल्या पालिकेचं म्हणणं. मुक्ताने तोच जुना फोटो शोधून काढला आणि काळ्या फरशीत पांढरा दगड बसवून आईची रांगोळी चौकाच्या मधोमध मांडली. "बाबा, आई इथे राहील," म्हणाली. मी चष्मा लावून आराखडा पाहिला, उतार किती ठेवलाय, पावसाचं पाणी कुठे जाणार, एवढं विचारलं आणि शाबासकी दिली. उद्घाटनाला तुम्ही यायचंच, असं तिने बजावलं.

सिडनीच्या विमानतळावर सामान तपासायला वेगळी रांग असते. कुठल्या देशातून कसली माती, कसलं बी येईल, याची या लोकांना फार धास्ती. भडंग पास झालं. डब्यापाशी मात्र तपासणारी बाई थांबली.

"हे काय आहे, सर?"

"दगडाची पूड. चित्र काढायला."

"कागदावर?"

"जमिनीवर," मी म्हणालो. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, त्यात ते आणखी आक्रसलं. तिने चिमूटभर पूड बोटांवर घेऊन पाहिली, यंत्रात घातली, आणि हसून विचारलं, "तुम्ही कलाकार आहात?"

"नाही. माझी बायको काढायची."

"त्या तुमच्याबरोबर आहेत?"

"नाही," मी म्हणालो. तिने झाकण लावून डबा परत दिला. दोन्ही हातांनी दिला, हे मला आवडलं.

केलीव्हिल हे काही बघायला जावं असं ठिकाण नाही. एकासारखी एक घरं, प्रत्येकासमोर हिरवळ, दोन मोटारी, आणि माणूस औषधालाही नाही. मुक्ता सकाळी साडेसातला घर सोडायची आणि तिन्हीसांजेला परतायची. लग्नाचा विषय आम्ही काढत नाही. त्यामुळे दिवसभर मी आणि तिचा फ्रिज. पहिल्याच दिवशी पिठल्याला फोडणी दिली, तर छताला लावलेलं धुराची वर्दी देणारं यंत्र असं ठणाणा करायला लागलं की मी गॅस बंद करून अंगणात जाऊन उभा राहिलो. शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून डोकावला. "नो वरीज, मेट," म्हणाला आणि आत गेला. त्या दिवसात माझ्याशी बोललेला तो एकटा माणूस.

फिरायला निघालो तरी तीच गत. जॅकरंडाची झाडं जांभळ्या फुलांनी भरलेली, खाली फुटपाथवर जांभळा सडा, आणि त्यावरून चालणारा मी एकटा. फुटपाथ मात्र बघत राहावे असे. एक फरशी हलत नाही की कुठे डबकं नाही. आम्ही टेंडरमागून टेंडरं काढली तरी असा फुटपाथ जन्मात झाला नाही. पण आमच्या फुटपाथवर बसून कोणी गजरे विकतं, कोणी छत्र्या दुरुस्त करतं. इथे एका मॅगपायने (काळा-पांढरा, डोमकावळ्याएवढा पक्षी) माझ्या टकलावर झेप घेतली, एवढीच काय ती वर्दळ. वसंतात घरट्यापाशी कोणी आलं की तो असाच धावून येतो, असं मुक्ताने दुपारी फोनवर सांगितलं. "बाबा, डोक्यावर टोपी घाला आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवा." म्हटलं, बरं, आता कावळ्याशी नजरानजर करायची. शैला असती तर दिवसभर हसली असती. हे वाक्य दिवसातून चारदा मनात यायचं, आणि सांगायला समोर कोणी नसायचं.

दिवाळीच्या तोंडावर उद्घाटन झालं. तोवर चौकाला पत्रे लावलेले होते, आतलं काही दिसलं नव्हतं. त्या सकाळी पत्रे निघाले. त्या भूमीच्या मूळ लोकांपैकी एक वयस्क बाई आल्या होत्या. त्यांनी ओल्या पानांचा धूर केला आणि पाहुण्यांचं स्वागत केलं. पालिकेचा अधिकारी, ग्रेग त्याचं नाव, शहराच्या मुळांबद्दल बोलला. भारतीय मंडळी नटूनथटून आलेली, पैठण्या, कुर्ते, कांजीवरम. मुक्ताने आईची मोतिया साडी नेसली होती. माझ्या हाताला धरून ती चौकाच्या कडेला घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा तुम्ही चाला. इथून पलीकडे."

मी खाली पाहिलं. स्टेशनचा जिना उतरला की दुकानांकडे जायची जी वाट, तिच्यावर बरोब्बर मधोमध शैलाची रांगोळी पसरली होती. तीच कमळं, तीच वळणं, आणि वरच्या उजव्या पाकळीला फोटोत होती तशी किंचित जाड रेघ. तिथे तिचा हात नेहमी जड पडायचा. मी चपला काढल्या. एक पाय उचलला, पण तो पुढे जाईना. मग मी सरळ उजवीकडे वळलो आणि रांगोळीला वळसा घालून, कडेच्या गवताच्या वाफ्यातून, पलीकडे गेलो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वयाने मोठा, मुलीचा बाप, रांगोळी माझ्या बायकोची. म्हणजे रीत हीच असणार, असं त्यांना वाटलं. माझ्यामागून सगळ्या पैठण्या आणि कुर्ते चपला हातात घेऊन वाफ्यातून गेले. एका काकूंनी जाता जाता वाकून मधल्या ठिपक्यावर हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. मुक्ता अजून अलीकडच्या कडेलाच उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

त्या दिवसापासून चौकाचा विचका झाला. ऑफिसला जाणारे गोरे, चिनी, कोरियन सरळ रांगोळीवरून जायचे. आपली माणसं जिना उतरून थबकायची आणि वळसा घ्यायची. ट्रेन आली की दोन्ही बाजूंच्या वाफ्यांतून माणसांची रांग. गवत आठवड्यात भुईसपाट. हळदीचा डाग पांढऱ्या दगडात मुरला तो निघेना. ग्रेग चांगला माणूस, आवाज चढवायचा नाही. त्याने मुक्ताला बोलावून सांगितलं की कल्पना सुंदर आहे, पण चौकात लोकांना चालता आलं पाहिजे. महिनाअखेरीपर्यंत असंच राहिलं तर रांगोळी उखडून लायब्ररीच्या भिंतीवर लावू, तिथे ती सुरक्षित राहील.

घरी आल्यावर मुक्ता जेवली नाही.

"भिंतीवर, बाबा. एखाद्या मेलेल्या माणसाच्या फोटोसारखी. तुम्ही फक्त चालला असतात ना, तर सगळे चालले असते."

"अगं, आईची रांगोळी. तिच्यावर पाय कसा देणार?"

"मी येईपर्यंत तुम्ही सगळे विधी उरकले होते. मला आईसाठी काहीच करता आलं नाही. हे एक केलं, तर तुम्ही कडेने गेलात."

त्या वेळी थांबणं कोणाच्याच हातात नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. मी तिचं ताट झाकून ठेवलं.

मग रोज सकाळी मी चौकात जाऊन बसायला लागलो. का, ते विचारू नका. रांगोळी उखडायला कोणी आलं तर मी काय करणार होतो, देव जाणे. तिथे वैशालीची ओळख झाली. मूळची कराडची. हॉटेल मॅनेजमेंट शिकायला म्हणून आली, आता कायमची राहिलीय आणि बस चालवते. तिची बस स्टेशनपाशी संपते आणि परत सुटेपर्यंत ती बाकावर बसून चहा पिते. माझ्याकडचं भडंग पाहिलं आणि तिचे डोळेच चमकले.

"काका, सांगलीचं? अय्यो, किती वर्षांनी. शिफ्टला इथे नुसते मफिन खाऊन जीव विटलाय."

मूठभर तोंडात टाकून ती डोळे मिटून बसली. मग मी विचारलं, "तूही वळसाच घालतेस ना गं?"

"सवयच आहे हो, काका. बूट घालून कसं जायचं? गोऱ्यांचं ठीक आहे, त्यांना माहीत नाही. पण खरं सांगू का, कोणी काढली असली तरी, वाटेच्या मधे रांगोळी काढतं का कोणी? आमची आई दाराच्या बाजूला काढायची. मी एकदा मधे काढली, तर म्हणाली, बये, माणसांनी घरात उडत यायचं का?"

मी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं रस्ते आखण्यात घालवली. मुक्ताचा आराखडा आला तेव्हा उतार पाहिला, पाणी पाहिलं. रांगोळी वाटेत आलीय हे ना त्या आर्किटेक्टिणीला दिसलं, ना या इंजिनिअरला. शैलाला एका नजरेत दिसलं असतं. तिची रांगोळी दाराच्या उजव्या अंगाला असायची, आणि मी त्या दारातून हजारो वेळा गेलो-आलो होतो.

पुढच्या रविवारी मुक्ताने मला शहराच्या उत्तरेच्या जंगलात नेलं. बोलत फारशी नव्हती, पण बापाला घरात कोंडून ठेवणंही तिला जमत नव्हतं. निलगिरीच्या झाडांतून, वाळक्या पानांच्या औषधी वासातून चालत आम्ही एका मोठ्या सपाट खडकावर आलो. खडकात रेघा कोरलेल्या होत्या. एक मासा, एक कांगारू, एक माणूस. इथल्या मूळ लोकांनी कोणे एके काळी काढलेल्या. भोवती दोर होता, पाय ठेवू नये अशी पाटी होती. मला पहिल्यांदा काही दिसेचना. मुक्ताने बाटलीतलं पाणी स्वतःच्या तळहातावर ओतून खडकाच्या अलीकडच्या काठावर शिंपडलं, तेव्हा कुठे माशाची शेपटी उमटली.

"फार पुसट झाल्यात," मी म्हणालो.

"पूर्वी ते लोक येऊन याच रेघा पुन्हा कोरायचे. त्यांचे विधी असायचे. नंतर त्यांना इथून हुसकावलं. आता कोणी कोरत नाही, फक्त जपतात. म्हणून झिजत चालल्यात."

आम्ही तिथेच खडकाच्या कडेला बसून पोळी-भाजीचे रोल खाल्ले. खाली निळी खाडी, तिच्यात एक पांढरी होडी. मला शैलाची सकाळ आठवली. ती उठली की पहिल्यांदा कालची रांगोळी झाडून टाकायची. मग सडा, मग नवी. गोपद्मं काढलेली असोत की कमळ, कशाची दयामाया नाही. नवीन लग्न झालं तेव्हा मला हळहळ वाटायची. एकदा म्हटलंही, किती सुंदर आली होती, आजचा दिवस राहू दे की. ती केरसुणी न थांबवता म्हणाली होती, "ताजी आहे तोवर रांगोळी, मग नुसती भुकटी. शिळी रांगोळी दारात ठेवतात का?"

"मुक्ता," मी म्हणालो, "तुझ्या त्या चौकात रोज शिळी रांगोळी असते."

तिने हातातला उरलेला रोल परत कागदात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत मी आंघोळ करून बाहेर पडलो. एका पिशवीत डबा, पाण्याची बाटली, एक फडकं आणि तिच्या देव्हाऱ्यातलं हळदकुंकू. चौक रिकामा होता. जिन्याच्या पायथ्याशी, वाट सोडून उजव्या अंगाला, दोन फरशा फडक्याने पुसून घेतल्या. गुडघे कुरकुर करत होते. रांगोळी मी आयुष्यात काढलेली नाही. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीतून ती धार सोडायची कशी, हे रोज पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं. पहिली रेघ फरफटली. ठिपके एका ओळीत येईनात. पुसलं, परत काढलं. बोटांना शैलाच्या डब्यातली पूड लागत होती, गार, बारीक. ती शेवटची तिच्याच बोटांनी चिमटीत धरली होती. मी तिथे बसून रडलो. कोणी पाहायला नव्हतं, तेव्हा मनसोक्त रडलो आणि मग ठिपके जोडले. एक वाकडं कमळ झालं. हळदकुंकू वाहिलं.

पहिली ट्रेन आली. जिना उतरून एक तेलुगू आजीबाई आल्या, नातीचा हात धरून. माझी ताजी रांगोळी पाहून थबकल्या. डबा, पांढरी बोटं, सगळं पाहिलं. मग पोरीला सांभाळून त्या रांगोळीपासून दूर केलं आणि सरळ समोर चालायला लागल्या, दगडातल्या कमळावरून. मागची माणसंही तशीच. एक जण ताज्या रांगोळीला पाय लागू नये म्हणून चांगला हातभर बाजूला सरला आणि शैलाच्या जाड रेघेवर बूट ठेवून निघून गेला. वाफ्यात एकही माणूस उतरलं नाही. मला हेच हवं होतं, तरी एकेक बूट मी मोजत होतो.

बाजूला पाहिलं तर मुक्ता उभी. घरात मी नाही म्हणून शोधत आली होती, पायात घरातल्याच सपाता.

"हे कमळ आहे?" तिने विचारलं.

"आहे. तुझ्या आईने पाहिलं असतं तर झाडूनच टाकलं असतं."

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मी हात पुढे केला. "चल. आता ती फरशी आहे. आईने घातलेली फरशी." आम्ही दोघं रांगोळीवरून चालत पलीकडे गेलो. मी चपला काढल्या नाहीत. मधल्या ठिपक्यावर, हळदीच्या डागावर, मुक्ता थोडी थांबली आणि मला घट्ट धरून म्हणाली, "मला आईला पोचवायला यायचं होतं हो, बाबा."

"माहीत आहे," मी म्हणालो. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत होता, त्याला वाट दिली.

त्यानंतर रोज सकाळी मी जात राहिलो. गवत हळूहळू उभं राहिलं. ग्रेग एकदा कॉफीचा पेला हातात घेऊन बघून गेला. दगड आहे तिथेच राहू दे म्हणाला, आणि हे सकाळचं कोण करणार, एवढंच त्याने विचारलं. तेलुगू आजीबाई गुरुवारचं कबूल करून गेल्या. वैशाली म्हणाली, सुट्टीच्या दिवशी मी बघते, काका, पण मला गोपद्मांपलीकडे काही येत नाही. उरलेले दिवस मुक्ताचे. निघायच्या आदल्या दिवशी तिने काढली आणि डबा संपला. तळाची पूड तिने बोटाने पुसून घेतली. रिकामा डबा मी परत आणला. या वेळी विमानतळावर कोणी काही विचारलं नाही.

सांगलीत मार्गशीर्षातली थंडी पडली होती. कुलूप गंजलं होतं, तेल सोडून उघडलं. आत बंद घराचा वास. शेजारी विचारून गेले, ऑस्ट्रेलिया कशी आहे. स्वच्छ आहे, म्हटलं. काय सांगणार. मुक्ताचा रोज फोटो येतो, कधी कमळ, कधी नुसते चार ठिपके, घाईत काढलेले. कधी येतच नाही. त्या दिवशी लोक कुठून चालत असतील, असं वाटत राहतं. शहर दगडाने बांधून पुरं होतं, असं मी नोकरीभर समजत होतो. सकाळी उठून कोणीतरी वाकावं लागतं, हे आमच्या कुठल्याच टेंडरात नव्हतं.

तिकडे परक्या गावात रोज शेकडो माणसं शैलावरून चालत जातात, आणि जिथे ती उभा जन्म वाकली त्या दारात खडूची रेघ नव्हती. बाजारातून नवी रांगोळी आणली, तिच्या डब्यात भरली. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं, झाडलं, सडा घातला आणि उजव्या अंगाला, वाट सोडून, सात ते चार ठिपके मांडले. अजून वाकडेच येतात. पण ते पाहायला घरात कोणी नाही.

मग आत येऊन चहा टाकला. खिडकीतून दिसलं, दूधवाला आला. नेहमी तो पिशवी कडीला अडकवून धडाधड पायऱ्या उतरतो. आज थांबला. खाली पाहिलं, पिशवी अलगद अडकवली आणि रांगोळीला पाय लागू नये म्हणून भिंतीला धरून, अंग चोरून, वळसा घालून गेला.